जुन्या शेगडीसाठी नवा कंबस्टर

१९७३ सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि घरे उबदार ठेवण्यासाठी जाळल्या जाणाऱ्या तेलाचे भाव भडकले, तेव्हा व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन यांसारख्या थंड परंतु वनसंपन्न राज्यांतील जनतेने आपल्या पूर्वजांच्या इंधनाकडे, म्हणजे लाकडाकडे, पुन्हा मोर्चा वळवला. मॅपल, ओक, बीच, बर्च अशा कठीण लाकडांची तेथे वाण नव्हती; वाण होती ती हे लाकूड काटकसरीने जाळणाऱ्या साधनाची. उघड्या फायरप्लेसमधील ज्वाळा दिसतात मनोहर, परंतु त्यांच्या उष्णतेचा मोठा वाटा धुराड्यावाटे निघून जातो आणि जाता जाता खोलीतील तापलेली हवाही बरोबर ओढून नेतो. या कारणास्तव ओतीव लोखंडाच्या, चहूबाजूंनी बंद, दारांच्या कडांना दोरीचे गॅस्केट बसवलेल्या आणि हवेचा प्रवेश एका लहानशा झडपेच्या हुकमतीत ठेवणाऱ्या शेगड्यांना एकाएकी मागणी आली. १९७५ साली व्हरमाँट राज्यातील रँडॉल्फ येथे स्थापन झालेल्या व्हरमाँट कास्टिंग्ज या कंपनीची ‘डिफायंट’ ही शेगडी त्या पिढीची प्रातिनिधिक म्हणावी लागेल.

या शेगड्यांचा जो गुण होता त्यातूनच त्यांचा दोष उद्भवला. रात्री निजण्यापूर्वी ओंडके भरून हवेची झडप जवळजवळ मिटवली की आग पहाटेपर्यंत टिके; परंतु टिके म्हणजे धुमसत राही. लाकूड तापले म्हणजे ते प्रथम जळत नाही, त्याचे विघटन होते; त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग ज्वलनशील वायू आणि डांबरी बाष्प यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि उरलेल्या भागाचे निखारे होतात. हे वायू आपणहून पेट घेण्यास सुमारे ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६०० अंश सेल्सिअस, इतके तापमान आणि पुरेशी हवा या दोहोंची आवश्यकता असते, आणि झडप मिटलेल्या शेगडीत दोहोंचाही अभाव असतो. ओले सरपण चुलीत घातल्यावर घरभर पसरणारा जो धूर आपल्याकडील गृहिणींच्या डोळ्यांना पिढ्यान् पिढ्या झोंबत आला, तो काही जळण्याचा अवशेष नव्हे. ते न जळता निसटलेले इंधनच होय. अमेरिकेतील शेगड्यांतून निसटलेला हा धूर धुराड्याच्या थंड भिंतींवर क्रिओसोट या चिकट काळ्या थराच्या रूपाने साचे आणि कधीतरी तो थरच पेटून घराला आग लागण्याचा प्रसंग येई. मोंटानातील मिसूलासारख्या, डोंगरांनी वेढलेल्या शहरांत तर हिवाळ्यातील थंड हवेच्या जड थराखाली साऱ्या वस्तीचा धूर दिवसेंदिवस कोंडून राहू लागला.

धुराला जळण्यासाठी एवढे तापमान लागते, ही अडचण दोन प्रकारांनी दूर होऊ शकते: आगीचे तापमान वाढवावे, अथवा धुराला जळण्यासाठी लागणारे तापमानच कमी करावे. दुसरा मार्ग वाचताना चमत्कारिक वाटतो, परंतु त्याचा शोध फार जुना आहे. खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्यावर संशोधन करीत असता सर हंफ्री डेव्ही यांना १८१७ साली असे आढळून आले की, कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली असता ज्वाला नसतानाही ती लाल होऊन झळकत राहते. म्हणजे तारेच्या पृष्ठभागावर वायू ज्वालेविना जळत राहतो. १८२३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनी प्लॅटिनमच्या स्पंजावर हायड्रोजनचा झोत सोडून तो काडीविना पेटवून दाखवला, आणि १८३५ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी अशा क्रियांना ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही. रासायनिक क्रियेला ओलांडावा लागणारा उंबरठा मात्र तो खाली आणतो.

प्रयोगशाळेतील ही घटना शेगडीपर्यंत पोहोचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि ती पोहोचली मोटारगाडीच्या वाटेने. न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग या कारखान्यात १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉडनी बॅग्ली, आयर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस या संशोधकांनी मोटारींच्या धुरासाठी कॉर्डिएराइट नावाच्या चिनी मातीसदृश पदार्थाची जाळी तयार केली. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांपासून बनणारा हा पदार्थ तापला असता फारच थोडा प्रसरण पावतो, म्हणून तापमानाचे आघात इतर मृत्तिकापात्रांपेक्षा अधिक सोसतो. याच जातीच्या, परंतु रुंद छिद्रांच्या जाळीवर ॲल्युमिनाचा खरबरीत लेप देऊन त्या लेपात प्लॅटिनम व पॅलॅडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण रुजवले, आणि १९८० च्या सुमारास शेगडीचा ‘कॅटॅलिटिक कंबस्टर’ बाजारात आला. ज्या धुराला एरवी ११०० अंश लागत तो या जाळीतून जाताना सुमारे ५०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे २६० अंश सेल्सिअसला, पेट घेऊ लागला. आणि एकदा पेटला की जाळीचे स्वतःचे तापमान १००० ते १४०० अंश फॅरनहाइटपर्यंत चढून कंबस्टर धुरावरच पोसला जाऊ लागला. आग मंद आणि ज्वलन पूर्ण, हा विरोध मिटला. मला हा शोध आपल्या काळातील गृहोपयोगी शोधांत फार वरच्या प्रतीचा वाटतो, कारण त्याने काटकसर आणि स्वच्छता यांपैकी एकीचा त्याग करण्याची सक्ती उठवली.

सरकारी कायदाही मागोमाग आला. ऑरेगन राज्याने १९८३ साली शेगड्यांच्या प्रमाणपत्राचा कायदा केला, आणि संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ‘ईपीए’ने, १९८८ साली देशव्यापी नियम जारी केले. त्या नियमांच्या १९९० पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात कंबस्टर नसलेल्या शेगडीला ताशी ७.५ ग्रॅम धूरकणांची मुभा होती, परंतु कंबस्टर असलेल्या शेगडीला केवळ ४.१ ग्रॅमची. प्रथमदर्शनी हा पक्षपात वाटेल. वस्तुतः तो दूरदर्शीपणा होता. कंबस्टर वयाबरोबर मंदावतो हे नियमकर्त्यांना ठाऊक होते, म्हणून जो पुढे उतरणार त्याने आरंभी अधिक उंचीवरून निघावे अशी ही तजवीज होती. कंबस्टर हा झिजणारा आणि बदलावा लागणारा भाग आहे, ही गोष्ट याप्रमाणे नियमांतच गृहीत धरलेली आहे. इतकेच नव्हे, तर त्या नियमांखाली येणारी आणि मुळात कंबस्टरसह विकली गेलेली शेगडी, तो काढून टाकून किंवा निकामी करून वापरण्यास मनाई आहे. ‘जाळी खराब झाली, काढून टाकली, शेगडी आता अधिक चांगली ओढते’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. ती ओढ म्हणजे त्यांचे पैसे धुराड्यातून जाण्याचा वेग होय, आणि वर कायद्याचा भंगही होय.

न्यू इंग्लंडमध्ये किंवा न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर भागात जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबाला घराबरोबर अशी एखादी शेगडी वारसाहक्काने मिळावी तशी मिळते: व्हरमाँट कास्टिंग्जची ‘एन्कोर’, डचवेस्टची एखादी बिडाची पेटी, ब्लेझ किंगची पोलादी शेगडी, किंवा वुडस्टॉक सोपस्टोन कंपनीची दगडी ‘फायरव्ह्यू’. आधीचा मालक निघून गेलेला, माहितीपुस्तक गहाळ झालेले, आणि पहिल्याच हिवाळ्यात धुराड्यातून करडा धूर निघू लागलेला. शेजारी सांगतो, कंबस्टर बदला. सल्ला कदाचित खरा असेल. पण काही शे डॉलर खर्च करण्यापूर्वी आरोपी तोच आहे की नाही याची चौकशी व्हायला हवी.

चौकशीचा आरंभ सरपणापासून करावा, कारण बहुसंख्य तक्रारींचे मूळ तेथेच सापडते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असले पाहिजे, आणि ते ढिगातील लाकडाच्या बाहेरच्या पृष्ठावर नव्हे, तर एक ढलपी तेथल्या तेथे फोडून तिच्या आतल्या ताज्या पृष्ठावर ओलावामापकाची टोके टोचून पाहावे. ओकसारखे लाकूड फोडून, वाऱ्यावर रचून, वरून झाकून ठेवले तरी सुकायला दोन उन्हाळे सहज घेते. विक्रेत्याने ‘सुके’ म्हणून आणून टाकलेले लाकूड बहुधा एकच उन्हाळा पाहिलेले असते. ओल्या लाकडातील पाण्याची वाफ करण्यातच आगीची शक्ती खर्ची पडते, धूर ५०० अंशांपर्यंत तापतच नाही, आणि दोष निष्कारण कंबस्टरच्या माथी येतो. त्यानंतर धुराड्याच्या टोपीवरील जाळी क्रिओसोटने बुजलेली नाही ना, हे पाहावे. बुजलेल्या टोपीने ओढ मरते आणि बाकी सर्व काही शाबूत असूनही शेगडी धुपत राहते.

यानंतर बायपास. कंबस्टर असलेल्या प्रत्येक शेगडीत धुराला दोन वाटा असतात: बायपासची झडप उघडी असता धूर सरळ धुराड्यात जातो, आणि ती मिटली असता त्याला कंबस्टरमधून जावे लागते. आग पेटवताना आणि लाकूड भरण्यासाठी दार उघडताना पहिली वाट, शेगडी तापल्यावर दुसरी. बायपासची झडप वाकडी झाली असेल, तिच्या बैठकीवर राख अडकली असेल किंवा तिचे गॅस्केट झिजले असेल, तर धुराचा काही भाग सोपी वाटच धरणार, आणि उत्तमातला उत्तम कंबस्टरही जो धूर त्याच्याकडे आलाच नाही तो जाळू शकणार नाही. दारांच्या गॅस्केटची परीक्षा करण्याची तिकडील जुनी रीत अशी की, थंड शेगडीच्या दारात डॉलरची नोट धरून दार मिटावे आणि नोट ओढून पाहावी. अडखळत आली तर गॅस्केट धड आहे, अलगद निसटली तर बदलण्याजोगे आहे. झडपेच्या बाबतीतही, जेथे हात पोहोचतो तेथे, हीच रीत चालते. कंबस्टरजवळ टोक असलेला जो उष्णतामापक असतो तोही वर्षानुवर्षे काजळी खाऊन खोटे सांगू लागतो. शंका वाटल्यास तो पुसून, घरातील ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाशी ताडून पाहावा.

हे सर्व निर्दोष ठरले म्हणजे कंबस्टरची साक्ष घ्यावी. सुक्या लाकडाची आग चांगली पेटवून, मापकावर ५०० ते ६०० अंश दिसल्यावर बायपास मिटावा, आणि मग अंगणात जाऊन धुराड्याकडे पाहावे. कंबस्टर जिवंत असेल तर थोड्याच वेळात मापकाचा काटा ठळकपणे चढतो आणि धुराड्याच्या तोंडाशी केवळ हवा लहरताना दिसते, किंवा फार तर पांढरी वाफ, जी चार-सहा हातांवर विरून जाते. वाफ आणि धूर यांतला भेद ओळखायला शिकले पाहिजे. वाफ टोपीपासून किंचित अंतरावर प्रकट होते आणि नाहीशी होते. धूर टोपीतूनच निळसर-करडा बाहेर पडतो, लोंबत राहतो आणि छपरावरून खाली उतरतो. अर्धा तास होऊनही असा धूर निघत असेल आणि काटा ढिम्म हलत नसेल, तर कंबस्टर निकामी झाला असे मानायला हरकत नाही. तो लाल झळकत नाही एवढ्यावरून मात्र त्याला मृत ठरवू नये. मंद आगीत काम करणारा कंबस्टर पुष्कळदा मुळीच झळकत नाही.

शेगडी पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे राखेतही ऊब उरली नसताना, विजेरीच्या प्रकाशात तो पाहावा. करडा-तपकिरी झालेला रंग हे केवळ वयाचे लक्षण आहे. केसासारख्या बारीक चिराही, तुकडे जागचे हललेले नसतील तर, क्षम्य आहेत. छिद्रांच्या तोंडाशी पांढरी भुरभुरीत राख साचली असेल तर मऊ कुंचल्याने ती झाडावी. तारेचा ब्रश, टोकदार सळई किंवा दाबाखालच्या हवेचा झोत यांनी राखेबरोबर लेपही निघून जातो. परंतु जाळीचे ढलपे उडाले असतील, मध्यभाग भुगा होऊन खचला असेल, किंवा पृष्ठाचा लेप पापुद्र्याप्रमाणे सुटत असेल, तर त्याचे आयुष्य संपले. मृत्तिकेचा कंबस्टर अबाधित दिसत असून मंदावला असेल, तर त्याला एक संधी द्यावी: पांढरे व्हिनेगर आणि ऊर्ध्वपातित पाणी समप्रमाणात घेऊन त्यात तो अर्धा तास मंद उकळू द्यावा, नंतर नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा उकळून पूर्ण वाळवावा. लाकडाच्या राखेतील पोटॅशियमसारखी अल्कली द्रव्ये धातूकणांवर जो पडदा धरतात तो याने दूर होतो, आणि पुष्कळदा एखाद-दुसरा हिवाळा पदरात पडतो. शिसे, जस्त किंवा गंधक यांनी विषबाधा झाली असेल तर मात्र या स्नानाचा फारसा उपयोग होत नाही. रंग दिलेले लाकूड, गुळगुळीत रंगीत कागद, कचरा, समुद्रकाठी वाहत आलेले खारे लाकूड, दगडी कोळसा, आणि धुराडे साफ करण्याची काही रासायनिक चूर्णे ही ती विषे होत. आधीच्या मालकाने काय जाळले हे आपल्याला कळणे कठीण. आपण काय जाळणार हे मात्र आपल्या हाती असते.

आता निवडीकडे वळू. पहिला दस्तऐवज म्हणजे शेगडीच्या पाठीवरची धातूची पट्टी. १९८८ च्या नियमान्वये प्रमाणित झालेल्या प्रत्येक शेगडीवर निर्माता, नमुना आणि निर्मितीची तारीख यांची कायम नोंद असते. काजळी पुसून तिचे छायाचित्र घ्यावे. केवळ ‘एन्कोर’ एवढे सांगून भागत नाही, कारण एकाच नावाखाली वर्षानुवर्षे निरनिराळ्या क्रमांकांच्या शेगड्या निघाल्या आणि त्यांतील कंबस्टरची मापे व बैठक एकसारखी नव्हती. कंपन्यांची मालकी बदलली, डचवेस्ट हे नाव व्हरमाँट कास्टिंग्जच्या छत्राखाली गेले, काही उत्पादक लुप्त झाले. परंतु कंडारसारखे स्वतंत्र उत्पादक जुन्या शेगड्यांसाठी अद्याप कंबस्टर बनवतात, आणि नमुना क्रमांक अचूक असेल तर योग्य माल मिळण्यास सहसा अडचण पडत नाही.

क्रमांकावर भिस्त ठेवूनही मापे स्वतः घ्यावीत. लांबी व रुंदी, किंवा गोल असेल तर व्यास. आणि तिसरे माप, ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होते, ते म्हणजे जाडी. काही जुन्या शेगड्यांत तीन इंच जाडीचा कंबस्टर असे, काहींत दोन इंचांचा. पातळ घातला तर धूर जाळीत राहण्याचा अवधी घटतो, जाड घातला तर तो बैठकीत बसत नाही किंवा ओढीला अडथळा होतो. भोवती पोलादी पट्टा आहे की जाळी उघडी आहे, हे पाहून माप पट्ट्यासह घेतले की वगळून, याची नोंद करावी. बहुतेक चुकीच्या मागण्या येथेच होतात. जुना तुकडा भुगा झाला असेल तर त्याच्या बैठकीचे माप घेऊन गॅस्केटची जाडी वजा करावी. चौथी गोष्ट छिद्रांची. शेगडीच्या मृत्तिकेच्या जाळीत दर चौरस इंचास १६ किंवा २५ छिद्रे असतात. छिद्रे दाट असली की पृष्ठफळ वाढते, पण राखेने बुजण्याची प्रवृत्तीही वाढते आणि ओढ कमी होते. ज्याचे धुराडे बुटके आहे किंवा घराच्या बाहेरच्या भिंतीने थंड हवेतून वर चढते, त्याने मुळात जी छिद्रसंख्या होती तिच्याहून दाट जाळी घेण्याचा मोह टाळावा.

मृत्तिका की पोलाद, हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. पोलादी कंबस्टर उष्णतारोधक मिश्रधातूच्या पातळ, दुमडलेल्या पत्र्याचा बनवतात. पत्रा पातळ असल्याने तो लवकर तापतो व कमी तापमानाला पेट घेतो. थंड लाकडाचा, ओलाव्याचा किंवा दार उघडल्याने आत घुसलेल्या गार हवेचा धक्का त्याला तडा देत नाही. मृत्तिकेचा कंबस्टर पेट घ्यायला थोडा वेळ लावतो, आघाताने तडकू शकतो, परंतु तापल्यावर उष्णता धरून ठेवतो, आकार सोडत नाही आणि बहुधा स्वस्त पडतो. अतितापाने, म्हणजे १७००-१८०० अंश फॅरनहाइटच्या पलीकडे, दोघांचेही नुकसान होते. पोलाद वाकते व खचते, मृत्तिकेवरचा लेप मरतो. माझे मत असे की, जो गृहस्थ शेगडी नोव्हेंबरात पेटवून मार्चपर्यंत विझू देत नाही आणि ज्याचे सरपण खात्रीने सुके आहे, त्याने मुळातल्या मापाचा मृत्तिकेचा कंबस्टर घ्यावा. अधिक पैसे खर्चून त्याला विशेष काही मिळणार नाही. जो संध्याकाळी कामावरून येऊन लहानशी आग पेटवतो व सकाळी विझू देतो, त्याची शेगडी दररोज थंडीपासून आरंभ करते. त्याला पोलादी जाळीचा लवकर पेट घेण्याचा गुण रोजच्या रोज उपयोगी पडेल. मात्र निर्मात्याने त्याच नमुन्यासाठी तो बनवला आहे याची खातरजमा हवी. जवळपासच्या मापाचा पोलादी तुकडा पाचरी मारून बसवणे हा उपाय नव्हे. कडेने राहिलेली फट धुराला जाळीपेक्षा सोपी वाटते, आणि धूर नेहमी सोपी वाटच पत्करतो.

मौल्यवान धातूंचा लेप किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि अनामिक विक्रेत्याच्या स्वस्त मालात हाच भाग कमी केलेला असण्याचा संभव असतो. म्हणून लेखी हमी कोण देतो, किती मुदतीची देतो आणि मुदतीनंतर प्रमाणशीर भरपाई मिळते की नाही, हा तपशील किमतीच्या आधी वाचावा. नेहमी वापरातल्या शेगडीत चांगला कंबस्टर काही हिवाळे सहज टिकतो. उत्पादक त्याचे आयुष्य सुमारे १२,००० तासांचे सांगतात, आणि सरपण व वागणूक यांवर प्रत्यक्ष आयुष्य पुष्कळ खालीवर होते. म्हणूनच दोन-तीन हिवाळ्यांत कंबस्टर निकामी होत असेल, तर तिसरा मागवण्यापूर्वी सरपण, ओढ आणि ज्वाळेची दिशा यांची फेरतपासणी झाली पाहिजे. जोरदार ओढीने ज्वाळाच जाळीत शिरत असेल तर कोणताही उत्प्रेरक तगणार नाही. कित्येक शेगड्यांत यासाठी जाळीपुढे छिद्रांचा एक पत्रा असतो, आणि तो जळून गेलेला असेल तर कंबस्टरबरोबर तोही मागवावा.

बसवण्याच्या कामात एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ‘एन्कोर’सारख्या शेगड्यांत कंबस्टर मागील भिंतीपलीकडे, उष्णतारोधक तंतूंच्या ठिसूळ कप्प्यात बसलेला असतो. वर्षानुवर्षे तापलेले हे तंतू बोटाच्या दाबानेही चुरतात, आणि त्यांची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. चांगल्या प्रतीचा मुखवटा लावून, धूळ उडू नये इतपत पाणी फवारूनच तेथे हात घालावा. कप्पा चिरलेला किंवा खचलेला आढळला, तर पैसा प्रथम त्यावर खर्चावा, कारण फुटक्या कप्प्यात नवा कंबस्टर बसवणे म्हणजे फटींमधून धूर निसटू देणेच होय. गॅस्केट दर खेपेस नवेच घालावे. शेगडीचे हे गॅस्केट पुष्कळदा अभ्रकासारख्या व्हर्मिक्युलाइट खनिजाचे असते आणि पहिल्या तापाने फुगून सर्व बाजूंची जागा भरून काढते. एकदा फुगलेले गॅस्केट दुसऱ्यांदा फुगत नाही. ते जाळीभोवती गुंडाळून साध्या कागदी चिकटपट्टीने धरून ठेवतात. पट्टी पहिल्याच आगीत जळून जाते, तोवर कंबस्टर आपल्या जागी घट्ट झालेला असतो. नव्या कंबस्टरला पहिल्या काही आगी मध्यम द्याव्यात. तोवर त्याचा लेप फार तरतरीत असतो आणि मोठ्या आगीत तापमान भराभर चढते.

आता एक शेवटचा हिशेब. शेगडीच्या भिंती तडकल्या असतील, दाराची चौकट वाकली असेल आणि आतले पत्रे जळून गेले असतील, तर नवा कंबस्टर तिला वाचवणार नाही. मे २०२० पासून अमेरिकेत नव्याने विकल्या जाणाऱ्या शेगड्यांना ताशी २ ग्रॅमची, किंवा प्रत्यक्ष फोडलेल्या सरपणावर चाचणी झाली असेल तर २.५ ग्रॅमची, मर्यादा आहे, आणि १९९० च्या बहुतेक शेगड्या त्या मर्यादेत बसत नाहीत. परंतु ओतीव लोखंडाची जी पेटी धड आहे, जिचे सुटे भाग मिळतात आणि जिची मापे आपण स्वतः घेतली आहेत, ती मोडीत काढण्याचे कारण मला दिसत नाही. कंबस्टरची मागणी पहिला बर्फ पडल्यावर नव्हे, तर उन्हाळ्यात नोंदवावी, त्या वेळी माल असतो आणि घाई नसते. आणि तो बसवला त्या दिवशीच नमुना क्रमांक, तिन्ही मापे, छिद्रसंख्या, उत्पादकाचे नाव व तारीख एका कागदावर लिहून तो घराच्या कागदपत्रांत ठेवावा, म्हणजे घर उद्या दुसऱ्याच्या नावे झाले तरी शेगडीचा तपशील त्याच्या हाती पडेल.